केसभर मागे

सौंदरराजन यांच्यावर आयुष्यात आरोप पुष्कळ झाले. ते घोरतात, वांगी निवडताना आतली अळी त्यांना दिसत नाही, जावयासमोर गप्प बसतात आणि जावई विमानात बसला की बोलायला लागतात, हे सगळं त्यांनी सोसलं. पण उशीर केला, असं त्यांना कधी कोणी म्हटलं नव्हतं. लग्नाला बोलावलं तर ते इतक्या लवकर पोचत की केळीची पानं पुसायला एक हात वाढला म्हणून आचाऱ्याला बरं वाटे. आणि मृदंग मांडीवर घेतला की मग तर बोलायलाच नको. टेलिफोन खात्यातली नोकरी हे त्यांचं पोट होतं, पण ताल हा त्यांचा कणा होता.

म्हणून बायकोनं, कोमळमनं, कानावरचे हेडफोन काढून हळूच ब्लाउजच्या रेशमी तुकड्यात गुंडाळत म्हटलं, "अहो, तुम्ही मागे राहताय," तेव्हा सौंदरराजनना आधी वाटलं, ती दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतेय. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं.

त्याचं असं झालं. चेन्नईतल्या मंदवेलीच्या त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर गणपतीचं देऊळ आहे. त्याचा कळस नवा झाला आणि पोंगलनंतर, म्हणजे संक्रांत झाली की, त्यावर पाणी घालायचा कुंभाभिषेक ठरला. त्या दिवशी गल्लीभर कर्णे लावून कोमळमचीच गाणी वाजवायची, असं देवळाच्या समितीनं ठरवलं. कोमळम मुलींना गाणं शिकवते. अर्धी गल्ली तिच्याकडे सा लावायला शिकली आहे आणि उरलेली अर्धी ते ऐकत मोठी झाली आहे. समितीत कोणीतरी स्टुडिओचं नाव काढलं, तेव्हा सौंदरराजन म्हणाले, "स्टुडिओ कशाला? लेकीचा जुना लॅपटॉप आहे घरात. एक माइक आणला की झालं." या 'झालं'मध्ये पुढे तीन महिने गेले.

बेत सोपा होता. कोमळमनं आधी एकटीनं गायचं. मग सौंदरराजननी तिचं गाणं कानात ऐकत त्यावर मृदंग वाजवायचा. खोलीला गाद्या टेकवल्या, पंखा बंद केला, आणि चेन्नईच्या पुरट्टासी महिन्यातल्या उकाड्यात पंखा बंद करून जे गायलं जातं त्याला तपश्चर्या म्हणतात. कोमळम गायली. दुसऱ्या दिवशी सौंदरराजननी जावयानं सिंगापूरहून आणलेले हेडफोन कानावर चढवले, वायर नाही, वजन नाही, मऊ गाद्यांचे, आणि मृदंगावर हात ठेवला.

आणि वाजवलंच नाही. कारण कोमळमनं शब्द उचलायच्या आधी एक श्वास घेतला होता, आणि तो त्यांना ऐकू आला.

तेहतीस वर्षं ते तिच्या उजव्या हाताला बसत आले. तिचा आवाज समोर जायचा, यांच्याकडे यायचा तो कडेनं, बाकीच्या गोंगाटातून. हा श्वास त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. इतका लहान, दार लोटण्याआधी कोणी क्षणभर थांबावं तसा. सौंदरराजन तसेच बसून राहिले. गाणं संपलं तरी हात उचलला नव्हता. कोमळमनं दारातून विचारलं, "झोपलात का?"

दुसऱ्या वेळी वाजवलं, तर एकाचे दोन मृदंग झाले. एक मांडीवरचा, आणि एक कानातला, मांडीवरच्याच्या मागून धावत येणारा. त्याच्याकडे दुर्लक्ष करून दात-ओठ खात त्यांनी गाणं पुरं केलं. ऐकून पाहिलं, तर कोमळम सम गाठून पुढे निघून गेली होती, आणि मागून सौंदरराजन येत होते, बस सुटलेल्या माणसासारखे. त्यानंतर कोमळम जे बोलली ते वर सांगितलंच.

इथे सौंदरराजन यांच्या वडिलांबद्दल सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही. तेही मृदंगच वाजवत, आणि ते नाव घेण्यासारखे वादक होते. म्हातारपणी त्यांचा हात मागे पडायला लागला. आधी ते फक्त गाणाऱ्याला कळलं, मग पहिल्या रांगेला, आणि शेवटी सभागृहाच्या कँटीनमध्ये वडे खाणाऱ्यांनाही कळलं. एका सकाळी त्यांनी मृदंगाला गवसणी घातली, खुंटीला टांगला आणि म्हणाले, वादी सैल झालीय. पुन्हा कधी काढला नाही. ती खुंटी अजून याच घरात होती. सौंदरराजन त्या दिवशी तिच्याकडे न बघता जेवले.

प्रश्न म्हणजे एवढाच होता. मागे कोण पडतंय, यंत्र की हात?

यंत्रच, असं त्यांनी जाहीर केलं, आणि बिल्डिंगीत जाहीर केलेल्या दुखण्याला औषध सांगायला लोक जिना चढून येतात. तिसऱ्या मजल्यावरचे जंबुनाथन वीज मंडळातून निवृत्त झालेले. जगातलं प्रत्येक दुःख अर्थिंग नीट नसल्यानं होतं, अशी त्यांची श्रद्धा. जास्वंदीच्या झाडाशी तांब्याची सळई पुरून तिथे रोज सकाळी पाणी घालायला त्यांनी सांगितलं. सौंदरराजननी घातलं. जास्वंद अशी फुलली की बिल्डिंगीतल्या रुक्कू मामी देवासाठी फुलं तिथूनच न्यायला लागल्या. मामींचं स्वतःचं निदान दृष्ट हे होतं. त्यांनी लॅपटॉपवरून मिरच्या उतरून त्याच खोलीत जाळल्या, आणि त्या दिवशी ध्वनिमुद्रणात तालापेक्षा शिंका जास्त पडल्या. त्या मात्र वेळेवर पडल्या.

सोसायटीचे सचिव पट्टाभिरामन यांचा आक्षेप वेगळा होता. नियमावलीत मृदंग हा शब्द नाही. बराच विचार करून त्यांनी तो 'खिळे ठोकणे, फरशी फोडणे' या कलमात बसवला आणि अकरा ते एक या वेळेत वाजवायची परवानगी दिली. त्याच वेळेत दुसऱ्या मजल्यावर खरोखरच फरशी फोडत होते. त्यामुळे फरशीवाला आणि सौंदरराजन असे दोघे एकाच कलमाखाली वाजवत असत, आणि फरशीवाल्याचा हात, सौंदरराजनना नाइलाजानं कबूल करावं लागलं, लयीला पक्का होता.

हे सगळं चालू असताना एकच वस्तू अशी होती की जिच्याबद्दल कोणी शंका काढली नाही. ते हेडफोन. ते वरदूनं दिलेले होते. वरदू म्हणजे जावई. जावयानं दिलेल्या वस्तूत खोट असू शकते, हा विचार त्या घरात कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं, आणि आला असता तर कोमळमनं तो तोंडापर्यंत येऊ दिला नसता. वरदूनं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ गेलं वर्षभर बंद होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगे, "शांत आहे."

शेवटी सौंदरराजन लॅपटॉप घेऊन दुरुस्ती केंद्रात गेले. टोकन घेतलं, बसले, नंबर आला. काउंटरवरचा चष्मेवाला गृहस्थ म्हणाला, "दोष दाखवा, मग आम्ही लिहून घेतो." दोष मृदंगाशिवाय दिसणार कसा? ते घरी आले, मृदंग घेऊन पुन्हा गेले. दारावरच्या रखवालदारानं गवसणी उघडायला लावली. डाव्या पुडीला लावायचा भिजवलेला रवा डबीत होता. "हे काय?" "रवा." "खाण्याचे पदार्थ आत नेता येत नाहीत." "खाण्याचा नाही, लावण्याचा आहे." रखवालदारानं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती पस्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत त्यांच्यावर कोणी टाकली नव्हती.

पण पुढे मात्र पाहण्यासारखं झालं. सौंदरराजननी केंद्राच्या थंडगार फरशीवर बैठक मारली, रवा थापला आणि वाजवायला सुरुवात केली, तसे रांगेतल्या लोकांचे हात मांड्यांवर गेले. फुटलेला फोन घेऊन आलेल्या एका मामी, बिलावरून भांडत असलेला एक वकील, इस्त्रीचा शर्ट घातलेले दोघे, सगळे टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट करत ताल मोजायला लागले. भांडण होतं तिथेच थांबलं. काउंटरवरच्या गृहस्थानं आपल्या खणातले वायरीचे साधे हेडफोन लॅपटॉपला जोडले, सौंदरराजनच्या कानावर ठेवले. वरदूचे हेडफोन त्यांनी घरीच ठेवले होते. असल्या ठिकाणी नेले आणि ओरखडा उठला तर?

सगळं बरोबर आलं. हात पडे तेव्हाच कानात बोल उमटे. दोन मृदंग नाहीत, धावणं नाही, काही नाही. फोनवाल्या मामींनी मान डोलावून सांगितलं की ताल चोख आहे. गृहस्थानं कागदावर लिहिलं, 'यंत्रात दोष आढळला नाही', आणि मग अगदी मायेनं म्हणाला, "मामा, घरी वाजवताना कदाचित हात थकत असेल. वय झालं की होतं. माझ्या वडिलांचंही असंच झालं."

तो कागद सौंदरराजननी चार घड्या करून खिशात ठेवला. येताना वाटेत डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे करायला सांगून त्यांच्यावर एक कागद ठेवला, तो हलतो का पाहिलं आणि म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. त्या 'वयाच्या मानानं'वर ते घरापर्यंत चालत आले.

आणि इथे त्यांनी ती चूक केली, जी मृदंगाच्या घराण्यात जन्मलेला माणूसच करू शकतो. दुसऱ्या कोणी यंत्र फेकून दिलं असतं. सौंदरराजननी त्याचा अभ्यास केला. यंत्र मागे पडतं ना, मग किती मागे? त्यांनी मोजलं. दर वेळी तेवढंच. मात्रेपेक्षा कमी, पापणी लवण्याच्या जवळपास, पण नेमकं तेवढंच. मागे पडण्याची जागा जर ठरलेली असेल तर ती चूक कसली, ते गणित झालं. आणि असली गणितं त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडून पाठीत धपाटे घालून घोटून घेतली होती. त्यांनी ठरवलं, आपण तेवढंच आधी वाजवायचं.

आठवडाभर ते कलमात बसणाऱ्या वेळेत घाम गाळत बसले. जे कानात अजून आलेलं नाही त्यावर थाप द्यायची. कोमळमचा शब्द येणार आहे, अजून आला नाही, तोच हात खाली. आणि जमलं. ऐकून पाहिलं तर दोघं हातात हात घालून चाललेली. सौंदरराजन इतके खूश झाले की त्यांनी कोमळमला न विचारता कॉफी केली.

मग नवरात्र आलं. रुक्कू मामींनी रिवाजाप्रमाणे पायऱ्या करून त्यांवर देवादिकांच्या बाहुल्या मांडल्या, बिल्डिंगीतल्या सगळ्यांना बोलावलं, आणि दरवर्षीसारखं कोमळमनं गायचं आणि सौंदरराजननी साथ करायची असं झालं. द्रोणांमध्ये हरभऱ्याची उसळ वाटली गेली. कोमळमनं डोळे मिटले.

तिनं शब्द उचलायच्या आधीच थाप पडली.

कोमळमनं एक डोळा उघडला. दुसऱ्या ओळीलाही तेच. ती बिचारी त्या थापेला गाठायला थोडी पुढे सरकली, तशी सवयीनं त्यांची थाप आणखी पुढे सरकली. ती पुढे, ते तिच्याही पुढे. एवढं शांत, सावकाश चालायचं गाणं मैदानात सोडलेल्या वासरासारखं धावायला लागलं. तिसऱ्या ओळीत तिचा शब्द सुटला. शिष्या एकमेकींकडे बघायला लागल्या. लोकांची अर्धी उसळ द्रोणांमध्ये होती तेव्हा गाणं संपलंसुद्धा. जंबुनाथन म्हणाले, "मामा, आज कुठली गाडी पकडायची आहे?"

येता-जाता कोमळम नेहमी दोन पावलं पुढे चालते आणि मृदंगाची पिशवी घेऊन ते मागे. वळणावर ती न वळता विचारते, "येताय ना?" ते म्हणतात, "आलो." लग्नापासूनचं आहे हे. त्या दिवशी रुक्कू मामींच्या दारापासून स्वतःच्या दारापर्यंत, जेमतेम एक जिना, ती त्यांच्या बरोबरीनं चालली. आजारी माणसाबरोबर चालतात तशी. पिशवीही तिनंच घेतली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पट्टाभिरामन आले. तालाचं एक यंत्र मिळतं, फोनमध्येही बसतं, त्याला ना रक्तदाब ना वय, असं त्यांचं म्हणणं. कोमळमनं त्यांना चहाऐवजी ताक दिलं आणि बघू म्हणून वाटेला लावलं. मग स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "थोडे दिवस हाताला विश्रांती द्या."

सौंदरराजननी मृदंगाला गवसणी घातली. वादी सैल झालीय, असं ते म्हणणार होते, पण शब्द ओळखीचे वाटले म्हणून गिळले. मृदंग खुंटीला टांगला नाही, खुंटीखाली ठेवला. एवढाच काय तो फरक.

दिवाळीच्या दिवशी पहाटे तेलानं माखलेल्या डोक्यांनी दोघं फोनसमोर बसली. पडद्यावर लेक वसुमती आणि वरदू. नवे कपडे, फराळ, झालं. मग वरदूनं सासऱ्यांना विचारलं, "मामा, हेडफोन वापरता की नाही?" कोमळमनं तत्परतेनं सांगितलं की रोज वापरतात, असे हेडफोन मंदवेलीत कोणाकडे नाहीत, मामा तर त्यावरच ध्वनिमुद्रण करतात.

वरदूचा चेहरा पडला. "ध्वनिमुद्रण? अहो, मी ते तुम्हाला बागेत फिरताना गाण्याच्या मैफली ऐकायला दिले होते. त्यांत आवाज उशिरा पोचतो. बिनवायरीचे सगळे तसेच. वाजवायला चालत नाहीत ते."

बाहेर एक फटाका वाजला. जावयाच्या वस्तूत खोट आहे हे जावयाखेरीज कोणी म्हणू शकत नव्हतं, आणि आता ते त्यानंच म्हटलं होतं. सौंदरराजननी बायकोकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू आलं असतं, आणि जावयासमोर ते हसत नाहीत.

मग वरदूनं पुढचं समजावलं, आणि सौंदरराजन आयुष्यात पहिल्यांदा जावयाला प्रश्न विचारत होते. लॅपटॉप आवाज आला तसा पुढे देत नाही. फिल्टरमधून कॉफीचा अर्क थेंब थेंब पडतो, भांडं भरलं की मगच आपण ते उचलतो, तसं. भांडं मोठं असेल तर आवाज उशिरा येतो. लहान केलं तर लवकर येतो, पण फारच लहान केलं तर यंत्राची धावपळ होते आणि आवाज फुटतो. भांड्याचं माप कुठे बदलायचं ते त्यानं दाखवलं. वीज वाचवायची यंत्राची सवय बंद करायला लावली, मागे गुपचूप चाललेले उद्योग थांबवायला लावले, आणि वायरीचे हेडफोन आणायला सांगितले. ते घरात होते. जुन्या फोनच्या खोक्यात, रबरात गुंडाळलेले, फुकट आलेले.

माप लहान केलं, तर कानात पापड तळल्यासारखा आवाज. जरा मोठं केलं, तर दुसरा मृदंग पुन्हा डोकावायला लागला. त्याच्या मधे कुठेतरी एक माप सापडलं. सौंदरराजननी मृदंग गवसणीतून काढला, बसले. कोमळमचा श्वास आला. शब्द आला. हात पडला, आणि पडला तिथेच वाजला. गाणं संपल्यावर त्यांनी हात उलटा करून तळव्याकडे पाहिलं, हरवलेली वस्तू घरातच सापडल्यावर बघतात तसं.

हे इथेच संपायला हवं होतं. पण सगळी गाणी पुरी झाल्यावर पट्टाभिरामन ऐकायला आले, आणि ते जन्मभर हिशेब तपासत आलेले. पडद्यावर कोमळमच्या आवाजाची एक नागमोडी पट्टी होती आणि खाली मृदंगाची, थापांच्या उभ्या रेघा. त्यांनी ते चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. मग बोट ठेवलं. "मामा, हे बघा. अजून मागेच आहे."

खरंच होतं. कोमळमचा शब्द जिथे सुरू होत होता, त्यापासून केसभर मागे थाप. एकीकडे नाही, सगळीकडे. पहिल्या गाण्यात, तिसऱ्या गाण्यात, सगळीकडे तेवढाच केस. यंत्र आता मागे पडत नव्हतं. म्हणजे उरलं कोण? सौंदरराजननी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"त्यात काय," पट्टाभिरामन म्हणाले, आणि ती खालची पट्टी धरून केसभर पुढे ओढली. रेघेला रेघ मिळाली. ताळेबंद जुळला. त्यांनी समाधानानं गाणं लावलं.

कोमळम स्वयंपाकघरातून हात पुसत आली. दोन ओळी ऐकून म्हणाली, "हा कोण वाजवतोय?"

"मीच," सौंदरराजन म्हणाले.

"नाही," कोमळम म्हणाली. आणखी एक ओळ ऐकली. गाणं अगदी बरोबर होतं. टपालाच्या रांगेत एकापुढे एक उभी असलेली दोन माणसं जशी बरोबर असतात, तितकंच बरोबर. "जसं होतं तसं ठेवा, पट्टाभी. आत्ता."

त्यांनी पट्टी मागे ढकलली. गाणं पुन्हा लागलं. आणि ती पोकळी, जी डोळ्यांना दोष वाटत होती, कानाला उतरत्या पायरीवर कोणी हात धरावा तशी वाटली. जंबुनाथनही खालून ऐकून वर आले होते. त्यांनीही अर्थिंगचं नाव काढलं नाही.

पाहुणे गेल्यावर कोमळम म्हणाली, "तुम्ही माझ्याबरोबर कधीच वाजवलं नाही. मागून वाजवता. मी शब्द ठेवते, तुम्ही त्याला खालून हात लावता. हात आधी आला तर शब्द ठेवू कुठे? त्या दिवशी रुक्कूकडे पडले ना मी."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग तेहतीस वर्षांत एकदा तरी सांगायचंस."

कोमळम ताटं लावत होती. "सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही सुधारलं असतंत."

सौंदरराजननी पडद्यावरचं ते चित्र पुन्हा मोठं केलं. केवढी ती फट. पापणी तिच्यापेक्षा सावकाश मिटते. घड्याळाला ती दिसत नाही, आणि त्यांना स्वतःला तर कधी कळलीच नाही. आणि तिच्या आत एक बाई तेहतीस वर्षं टेकून बसली होती.

कुंभाभिषेकाच्या दिवशी गल्लीत खांबाखांबाला कर्णे बांधले. कळसावर पाणी पडलं, लोकांनी हात वर केले, आणि कोमळमची गाणी सुरू झाली. जवळचा कर्णा आधी बोले, त्यापुढचा मग, टोकाचा सर्वांत शेवटी, आणि अख्खी गल्ली एकाच शब्दाच्या मागून येणाऱ्या शब्दांनी भरून गेली. पट्टाभिरामन कान टवकारून, कुठला कर्णा बरोबर आणि कुठला उशिरा, याचा तपास करत गर्दीत हिंडत होते. त्यांना त्यात केस काही सापडला नाही. सौंदरराजननी मांडीवर ताल धरला होता, तोही त्यांनी सोडून दिला आणि नुसते उभे राहिले. हवेलाही पोचायला वेळ लागतो, हे इतकी वर्षं हवेत राहून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

प्रसाद घेऊन कोमळम निघाली. दोन पावलं पुढे. वळणावर, न वळता, तिनं विचारलं.

"येताय ना?"

"आलो," सौंदरराजन म्हणाले, केसभर थांबून.